मोठ्याने वाच

४ मे, सोमवार

कॉलेजने एकच वही करायला सांगितली आहे. तीत रोज ‘आज काय शिकलो’ ते लिहायचं आणि खाली कंपनीची सही घ्यायची. ती वही सगळे वाचणार. ही दुसरी वही माझी आहे आणि ती कुणीही वाचायची नाही. (बारके, हे तुझ्यासाठी. मिटव आणि जागेवर ठेव, नाहीतर आईला सांगेन.) त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटते आहे.

उन्हाळ्याचे सहा आठवडे या कंपनीत काढायचे आहेत. आमच्या वर्गातले दोघंच इथे आलो. टॉपर त्याच्या मार्कांच्या जोरावर आला, मी मामाच्या. मामाने इथल्या मॅनेजर मॅडमकडे शब्द टाकला म्हणून मी आत. टॉपरला ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं, गार हवेत. माझ्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, "तू टेस्टला जा."

इथे वाफेच्या टाक्या बनतात. बनलेली प्रत्येक टाकी शेडच्या टोकाला येते, तिथे तीन बाजूंनी जाड भिंती आहेत. टाकीत काठोकाठ पाणी भरतात आणि पंपाने दाब चढवतात, ती पुढे जेवढा सोसणार असते त्याच्या दीडपट. मग अर्धा तास नुसतं थांबायचं. दाबाचा काटा जागचा हलला नाही तर टाकी पास, उतरला तर कुठेतरी गळतंय. ऐकायला किती सोपं! पण दाब चढताना लोखंड आवाज करतं. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. पहिला आवाज ऐकून मी चक्क खाली बसले.

टेस्ट बघणारे गृहस्थ साठीला टेकलेले आहेत. त्यांना सगळे टेस्टकाका म्हणतात. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "कॉलेज का?" म्हणाले. तेव्हापासून मी कॉलेज.

घरी येऊन कॉलेजच्या वहीचं शेवटचं पान आधीच भरून टाकलं. छापील प्रश्न आहे: ‘या प्रशिक्षणातून तुम्हाला काय मिळाले? पाच ओळींत लिहा.’ टॉपरने त्याच्या वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी उत्तर आणलं होतं. आत्मविश्वास, संघभावना, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, वेळेचं महत्त्व, पुढची दिशा. पाच ओळी, पाच मिनिटांत उरकल्या. एक काम कमी झालं.

७ मे, गुरुवार

टेस्टकाकांना मी आवडलेली दिसत नाही.

टेस्टला दोन काटे असतात. एक पंपावर, काकांच्या समोर. दुसरा टाकीच्या माथ्यावर, तो भिंतीतल्या जाड काचेच्या खिडकीतून दिसतो. तिथे माझी नेमणूक. दर पाच मिनिटांनी गजर वाजतो आणि काका पंपाजवळून ओरडतात, "वाच! मोठ्याने वाच!" मी आकडा सांगते. ते म्हणतात, "माझाही तेवढाच." मग कागदावर आपापल्या रकान्यात दोघांनी लिहायचं. दोन काटे, दोन माणसं. एक चुकला तर दुसऱ्याने धरायचं, अशी योजना.

तिथवर ठीक. पण हे गृहस्थ मला दिवसभर वाचायलाच लावतात. टाकीवरचा नंबर वाच, ड्रॉइंगवरची तारीख वाच. आज नोटीस बोर्डावरची सूचना वाचायला लावली आणि स्वतः हात मागे बांधून ऐकत उभे! बालवाडीत आल्यासारखं वाटलं. नवीन माणसाचं पाणी जोखतात म्हणे. आणि स्वतःचं अक्षर बघावं तर कोंबडीचे पाय. आकडे रकान्यात मावत नाहीत, शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

मी आज एक आकडा चुकून खालच्या चौकटीत लिहिला आणि रबर शोधायला लागले. काकांना आवाजावरूनच कळलं की काय कोण जाणे. "खोडायचं नाही," म्हणाले. "इथे चुकलेलं कुणी खोडत नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही. मग खरं काय ते लिहायचं."

"एवढ्याशा चुकीला सही?"

"चूक तुझी ना? मग सहीपण तुझीच हवी."

१२ मे, मंगळवार

आज कबूल करते, माणूस कामाचा आहे. एका टाकीचा काटा उतरत होता आणि गळती सापडत नव्हती. टॉपर बॅटरी घेऊन आला आणि सगळे सांधे न्याहाळून गेला. काकांनी दाब थोडा उतरवला, सांधे फडक्याने कोरडे केले आणि डोळे मिटून नुसती बोटं फिरवली. तिसऱ्या सांध्यावर थांबले. "इथे ओलंय. सुईच्या टोकाएवढं." खरंच होतं.

मग खुशीत येऊन त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ती त्यांनी सांगायला नको होती. पंचवीस वर्षांपूर्वी दाब चढलेला असताना एका टाकीचं तोंड झाकणारं बूच सुटलं. ते समोरच्या पत्र्यातून आरपार गेलं. "म्हणून बुचासमोर कुणी उभं राहायचं नाही. वर पत्र्याला चौकोनी ठिगळ आहे. दिसतं?"

"दिसतं."

"कसं आहे अजून? गंजलंय का?"

मान वर केली असती तर त्यांनाही दिसलं असतं. पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "गंजलंय." ते म्हणाले, "गंजणारच."

ठिगळ माझ्या डोक्याएवढं आहे. मी मोजलं नाही, पण आहे.

१५ मे, शुक्रवार

खिडकीपाशी उभी राहिले की आधी बूच कुठे आहे ते बघते. काच तीन बोटं जाड आहे, बूच दुसऱ्या दिशेला आहे, सगळं कळतं. पण टक् वाजलं की गुडघ्यांना कळत नाही. बारकी घरी मला ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवते. तिला उंदीर आणि पाल एवढंच ठाऊक आहे.

डबा खाताना टॉपरला सांगितलं. तो हसला. "अगं, दर पाच मिनिटांनी कोण बघतं? सगळीकडे पहिला आकडा बघतात, शेवटचा बघतात, मधले भरतात. काटा काय नाचतो का मधेच?"

मी त्याला म्हटलं, असं नसतं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

१९ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मोठी टाकी टेस्टला आली होती. दाब पंधरा किलोपर्यंत न्यायचा होता. (इथे दाबसुद्धा किलोत मोजतात.) टाकीत बोअरचं गार पाणी भरलेलं आणि बाहेर हे ऊन, त्यामुळे टाकीला बाहेरून दव धरलं. सगळं अंग ओलंचिंब. काकांनी हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "आज टाकी घामेजलीय. गळतंय की घाम आहे, बोटांना काही कळायचं नाही. आज सगळी भिस्त काट्यावर. नीट बघ, कॉलेज."

पाच मिनिटांनी "वाच!" मी वाचलं, पंधरा. दहा मिनिटांनी, पंधरा. हे दोन मी बघितले. डोळ्यांनी बघितले.

आणि मग मोठा आवाज झाला. टक् नव्हे. धाडकन. टाकीखालचा लाकडी ठोकळा सरकला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त ते चौकोनी ठिगळ दिसलं. मी खिडकीपासून पळाले आणि भिंतीमागे, पिंपाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. काका पंपापाशी तसेच उभे. "ठोकळा असेल," म्हणाले. "जागा सोडू नको."

मला जाता आलं नाही. जायचं नव्हतं असं नाही, जाताच आलं नाही.

पंधराव्या मिनिटाला आवाज आला, "वाच! मोठ्याने वाच!"

मी पिंपामागून ओरडले, "पंधरा!"

"माझाही पंधरा."

वीस. "पंधरा!" "माझाही पंधरा." पंचवीस. तीस. चार वेळा मी न बघता पंधरा म्हटलं आणि चारही वेळा कागदावर पंधरा लिहिलं. अक्षर इतकं सुरेख आलं की काय सांगू.

मग काकांनी पोलादी शिक्का घेतला, टाकीच्या पट्टीवरची जागा अंगठ्याने चाचपली आणि हातोडीचा एकच घाव घातला. टाकी पास.

२० मे, बुधवार

दिवसभर कुणी हाक मारली की कालचा कागद निघाला असं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कुणाला काही कळलेलं नाही.

आणि तसं घाबरण्यासारखंही काही नाही. मी नाही बघितलं, पण काकांनी बघितलं ना? चारही वेळा ते म्हणाले, माझाही पंधरा. दुसरा माणूस त्यासाठीच तर असतो. हे आज मी स्वतःला सात-आठ वेळा सांगितलं. बरं वाटलं.

२२ मे, शुक्रवार

त्या टाकीवर पत्ता चिकटवला. काकांनी मलाच वाचायला लावला. एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागाला चालली आहे, पुढच्या शुक्रवारी. चादरींना इस्त्री करायला वाफ लागते म्हणे. मॅडम सांगत होत्या, तिथे एका हॉलमध्ये तीसेक बाया उभ्या राहून काम करतात आणि टाकी त्याच हॉलच्या कोपऱ्यात बसणार. भिंत वगैरे नाही.

माझाही पंधरा. माझाही पंधरा.

२५ मे, सोमवार

लिहायचं मन होत नाही. तरी लिहिते.

सकाळी एक छोटी टाकी होती, बारा किलोची. मी खिडकीतून हललेसुद्धा नाही. १९ तारखेपासून मी पापणीही लवू देत नाही. वाचलं, "बारा!" काका म्हणाले, "माझाही बारा."

दहा मिनिटांच्या वाचनानंतर माझं पेन संपलं म्हणून काकांचं मागायला पंपाकडे गेले. तिथल्या काट्याकडे सहज नजर गेली. काटा शून्यावर होता.

टाकीत बारा किलो दाब आणि पंपावर शून्य! बघितलं तर काट्याच्या खालची लहान चावी बंद. शनिवारी कुणीतरी साफसफाईला काढला असेल आणि चावी उघडायची राहिली असेल. सकाळपासून तो काटा मेलेलाच होता. काका त्याच्यासमोर, हातभर अंतरावर उभे. पंधराव्या मिनिटाला मी खिडकीतून काटा बघून पळत परत आले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून हळूच म्हटलं, "बारा."

शून्यावरच्या काट्याकडे तोंड करून ते म्हणाले, "माझाही बारा."

मग सगळं एकदम डोक्यात शिरलं. नोटीस बोर्ड. ड्रॉइंगवरची तारीख. ठिगळ गंजलंय का. रकान्याबाहेर जाणारे आकडे. डोळे मिटून फिरणारी बोटं. काका माझं पाणी जोखत नव्हते. काकांना दिसत नाही.

त्या दिवशी त्या टाकीकडे कुणीच बघत नव्हतं. मी त्यांच्यावर टेकले होते आणि ते माझ्यावर.

२६ मे, मंगळवार

आई म्हणाली, "तोंड का उतरलंय? जेवत का नाहीस?" मी म्हटलं, ऊन लागलंय. मामाचा फोन आला. मॅडम माझी तारीफ करत होत्या म्हणे, पोरगी काट्यावरून नजर काढत नाही. "माझी मान ताठ केलीस हो," म्हणाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

टॉपरला सांगितलं. काकांचं नाही, फक्त माझं. तो गंभीर झाला. म्हणाला, "अळीमिळी गुपचिळी. टाकी शंभरात नव्व्याण्णव वेळा चांगलीच असते. तू बोललीस तर तुझं सर्टिफिकेट जाईल, वर्ष जाईल, मामाचं नाक कापलं जाईल. आणि टाकी चांगली निघाली तर? फुकटचं."

बरोबरच आहे त्याचं. शंभरात नव्व्याण्णव.

त्या हॉलमध्ये तीस बाया आहेत.

२७ मे, बुधवार

डबा खायच्या सुट्टीत काका एकटेच पंपापाशी बसतात. मी जाऊन समोर उभी राहिले. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "कॉलेज, आज पावलं का ओढतेस?"

मी सांगून टाकलं. पिंप, चार आकडे, सगळं. मधे ततपप झालं, पण संपवलं. ते घास हातात धरून ऐकत होते.

"किती स्वतः बघितलेस?"

"पहिले दोन."

"आणि नंतरचे?"

"तुम्ही ‘माझाही’ म्हणालात म्हणून..." इथे मला रडू आलं. "काका, तुम्ही तरी कुठे बघितलेत? परवा पंपावरची चावी बंद होती, काटा शून्यावर होता."

त्यांनी घास परत डब्यात ठेवला. झाकण लावलं. मग म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतो पंधरा मिनिटांचं काम आहे. पण डोळ्याला सुरी लावणार, या विचारानेच माझी पाचावर धारण बसते. एवढी वर्षं या बुचांच्या शेजारी उभा राहिलो आणि एवढ्याशा सुरीला भितो! मुलं हसतील म्हणून घरी बोललो नाही. इथे बोललो असतो तर शिक्का काढून घेतला असता. मग ठरवलं, बरोबर जो कोणी असेल त्याच्या डोळ्यांनी बघायचं. दीड वर्ष निभावलं."

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला. पण तू पिंपामागे लपलीस आणि मी तुझ्यामागे. कोणत्या तोंडाने रागवू?"

मग उठले, हात धुतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मॅडमच्या दारापर्यंत चल. आत मी एकटा जातो."

दहा मिनिटं आत होते. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "उद्या सकाळी परत टेस्ट." मग मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं आता संपलं. पण त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं सगळं. डोळ्यांचं. पंपाची चावी बंद आहे हे तुझ्या लक्षात आलं आणि तू त्यांना जाऊन बोललीस, म्हणून हे बाहेर आलं. शाबास. उद्या खिडकीवर तूच उभी राहा."

काकांनी माझ्या चार आकड्यांचं नावच काढलं नव्हतं.

मी "हो मॅडम" म्हटलं आणि बाहेर आले. मूग गिळून बसणं इतकं सोपं असतं! कुणी विचारत नाही, आपण बोलत नाही, आणि वर शाबासकी मिळते. शरम वाटते. सुटल्यासारखंही वाटतं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिलं.

२८ मे, गुरुवार

पाणी काल संध्याकाळीच भरून ठेवलं होतं, त्यामुळे टाकीला दव नव्हतं. सांधे कोरडे करून त्यांवर खडूची पूड लावली. पंपाच्या काट्यापाशी मॅडम. मी खिडकीपाशी. काकांना स्टुलावर बसवलं होतं. त्यांच्या हातांना काही काम नव्हतं, ते मांडीवर पडले होते. टॉपरही आला होता बघायला.

दाब चढला. टक्. एवढ्या दिवसांत भीती तिळभर कमी झालेली नाही. मी काचेला नाक लावून उभी राहिले.

पाच मिनिटं. "पंधरा." मॅडम म्हणाल्या, "पंधरा."

दहा मिनिटं. पुन्हा पंधरा. पंधराव्या मिनिटालाही पंधरा. मला टॉपरचं नव्व्याण्णव आठवलं आणि मनात म्हटलं, देवा, असंच राहू दे, मग मी आयुष्यभर कुणाला काही सांगणार नाही. इतकी मी शूर!

वीस. काटा पंधराच्या रेघेवर नव्हता.

मी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. कसंबसं म्हटलं, "थोडा... खाली आहे."

स्टुलावरून काका गरजले, "थोडा म्हणजे किती? मोठ्याने वाच!"

"पावणेपंधरा!"

मॅडम पंपापाशी वाकल्या. "पावणेपंधरा."

पंचवीस. "साडेचौदा!"

मॅडमनी टेस्ट थांबवली, दाब उतरवला आणि सगळे टाकीखाली वाकले. तळाशी जिथे नळी जोडली आहे तिथे खडूत एक ओला डाग होता, नखाएवढा. काकांनी त्यावर बोट ठेवलं आणि मग काढलंच नाही. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही पोरगी नसती तर उद्या ही टाकी गेली असती." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. टॉपरनेही वाजवल्या, माझी नजर चुकवून.

टाळ्या सहन झाल्या नाहीत. एरवी मला तोंड उघडायला वर्ष लागतं. मी म्हटलं, "मॅडम, हा काटा उतरताना मला त्या दिवशीच दिसला असता. मी तिथे नव्हते. मी भिंतीमागे होते. आकडे मी मनाने लिहिले."

टाळ्या थांबल्या.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"चार."

"चारही पंधरा?"

"चारही."

काका म्हणाले, "पोर आहे मॅडम, घाबरली होती. चूक माझ्या डोळ्यांची." मी म्हटलं, "नाही काका. तुमच्या डोळ्यांच्या जागी मी होते."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी १९ तारखेचा कागद मागवला आणि टेबलावर ठेवला. मी माझ्या चार आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली आणि प्रत्येकाशेजारी सही केली. काकांना त्यांच्या रकान्यात सहा रेघा मारायच्या होत्या. त्यांना चौकटी सापडेनात. मी त्यांचं बोट धरून एकेका आकड्यावर ठेवत गेले आणि ते रेघ मारत गेले. सहाव्यानंतर त्यांनी खिशातून शिक्का काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

घरी आईला सांगितलं. मामालाही मीच फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं." एवढंच.

५ जून, शुक्रवार

टाकी दुरुस्त झाली. आज पुन्हा टेस्ट, अर्धा तास, सहाही वेळा पंधरा. माझ्याबरोबर दर वेळी मॅडमनी स्वतः खिडकीतून बघितलं. आता माझ्या एकटीच्या आकड्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. ठेवू नयेच.

१२ जून, शुक्रवार

शेवटचा दिवस. मॅडमनी सर्टिफिकेट दिलं. त्यात लिहिलंय: ‘चार नोंदी न पाहता केल्या. नंतर स्वतःहून सांगितले. पुढच्या नोंदी चोख.’ कॉलेज हे चालवून घेईल की पुढच्या उन्हाळ्यात सगळं पुन्हा करावं लागेल, मला माहीत नाही. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करावं लागलं तर इथेच ये." हे त्या चिडून म्हणाल्या की मनापासून, तेही कळलं नाही.

दुपारी काका आले. काळा चष्मा लावला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. शिक्का परत मिळेल की नाही, ते ठरलेलं नाही. मी म्हटलं, "भीती वाटली?"

"मेलो होतो भीतीने. नर्सचा हात असा धरला होता की तीच ओरडली." मग चष्मा वर करून, एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. "अरेच्चा! तू एवढीशी आहेस होय? आवाजावरून मला वाटलं, चांगली उंचीपुरी असशील."

मग मान वर करून पत्र्यातलं ते ठिगळ बघितलं. "गंजलंय खरंच," म्हणाले.

आता संध्याकाळ झाली आहे. सोमवारी कॉलेजची वही द्यायची. शेवटचं पान उघडलं. आत्मविश्वास, संघभावना, अनुभव, वेळेचं महत्त्व, दिशा. चार मेला लिहिलेलं, अक्षर अगदी सुरेख. बारकी शेजारी येऊन बसली आहे आणि म्हणते, "ताई, दुसरं पान चिकटव, कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी पाचही ओळींवर एकेक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतंय. शेजारी सही केली. मग खाली लिहिलं:

पाच मिनिटे: पंधरा.
दहा मिनिटे: पंधरा.
पंधरा मिनिटे: पंधरा.
वीस मिनिटे: पावणेपंधरा.
पंचवीस मिनिटे: साडेचौदा.

पाच ओळी भरल्या. पण एक राहिली होती, ती समासात लिहिली: घाबरले होते. स्वतः पाहिले.